चांगली आहे, असू दे

स्टेन गुस्ताफ थुलीन हे नाव आपल्याकडे कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. स्वीडनमधला हा इंजिनिअर. आपले दुकानदार जिला झबला म्हणतात, ती दोन बंदांची प्लास्टिकची पिशवी याच्या डोक्यातून निघाली आणि १९६५ साली तिचं पेटंट झालं. कागदी पिशव्यांपायी झाडं तोडली जातात याची त्याला हळहळ होती. वडील खिशात एक पिशवी घडी करून ठेवत, असं त्याच्या मुलानं पुढं सांगितलं. लोक ती एकदा वापरून फेकून देतील, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं म्हणे. जगानं थुलीनसाहेबांना दगा दिला. इमानानं वागल्या त्या फक्त आपल्याकडच्या आया.

आमच्या आईनं आजवर एकही धड पिशवी फेकलेली नाही. ओट्याखाली, सिलिंडरच्या शेजारी एक मोठी पिशवी आहे आणि तिच्या पोटात बाकीच्या सगळ्या. यात नवीन काही नाही, ही प्रत्येक मराठी घरात असते. पण आत डोकावून पाहिलं तर तिथली व्यवस्था कडक असते. सगळ्यात वर साडीच्या दुकानांच्या पिशव्या : जाड, चकचकीत, गोंड्याच्या बंदांच्या. या कुणाला द्यायच्या नाहीत आणि आपणही वापरायच्या नाहीत, नुसत्या असू द्यायच्या. त्याखाली मिठाईवाल्याच्या, मग मेडिकलच्या, मग भाजीच्या. भाजीच्या पिशव्या धुऊन वाळवलेल्या असल्या तरी त्यांना मेथीचा वास येतच राहतो. तळाशी काय आहे ते उत्खनन केल्याशिवाय कळणार नाही. मागे एकदा तिथून एका दुकानाची पिशवी निघाली, तिच्यावरचा फोन नंबर सहा आकडी होता. दुकान केव्हाच गेलं, मालकही गेले असतील. पिशवी अजून कुरकुरीत.

आता एवढा साठा घरात असताना बाहेर निघालेल्या माणसाला पिशवी मिळायला हरकत नाही. पण मासे आणायला निघताना आमच्याकडे जो संवाद होतो तो असा :

"आई, एक पिशवी दे गं."

"ही घे. नाही, ही नको. चांगली आहे, वास लागेल."

"मग ही?"

"ती फाटकी आहे. जिनाभर पाणी गळेल."

"फाटकी आहे तर ठेवली कशाला?"

"ओला कचरा बांधायला लागते. ती निळी घे. थांब, निळी शेजारच्या वहिनींची आहे, परत द्यायचीय."

"कधी आणलीस?"

"त्यांच्या मुंजीच्या वेळी."

मुंज ज्याची झाली तो मुलगा आता नोकरीला लागलाय. शेवटी मी रिकाम्या हातानं जातो, मासेवाली नवी पिशवी देते, ती घरी येऊन धुतली जाते आणि साठ्यात जमा होते. आमचं घर पिशव्यांचा पुनर्वापर करत नाही, पुनर्वसन करतं.

दुधाच्या पिशवीचा मात्र मान वेगळा. ती कापायची, दूध पातेल्यात ओतायचं, मग पिशवीत थोडं पाणी घालून खळबळून तेही पातेल्यातच ओतायचं. (दूध पातळ येतं म्हणून गवळ्याला नावं ठेवणाऱ्या घरातली ही रीत आहे.) नंतर पिशवी उलटी करून धुवायची आणि सिंकच्या वरच्या टाइल्सवर थापायची. ओली असते तोवर ती गपगार चिकटून बसते. दुपारी वाळली की आपोआप सुटून ओट्यावर पडते, आणि पडताना बारीकसा आवाज येतो. आतल्या खोलीत वामकुक्षी घेणारी आई डोळे न उघडता सांगते, "म्हशीची पडली. गाईची अजून ओली आहे." महिन्याचा गठ्ठा रबरबँड लावून रद्दीवाल्याकडे जातो आणि तो किलोवर पैसे देतो. आमच्या घरातला खराखुरा पुनर्वापर म्हणावा असा हा एवढाच.

पण त्यातही एक फितूर आहे : पिशवीचा कापलेला कोपरा. नखाएवढा तो त्रिकोण कात्रीतून उडतो आणि पुन्हा कुणाला दिसत नाही. पिशवी रद्दीवाल्याकडे जाते, कोपरा फरार. तो मोरीतून गटारात, गटारातून नदीत जातो. घरटी रोज एकदोन कोपरे, आणि अशी किती घरं! कोपरा पूर्ण न कापता नुसती चीर द्यावी, म्हणजे तुकडा पिशवीलाच लटकून राहतो. सांगायला सोपं आहे. आमचे तीर्थरूप मात्र कात्री हातात घेतली की तुकडा पाडल्याशिवाय ठेवत नाहीत. अर्धवट कापणं त्यांच्या स्वभावात नाही.

२०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा दुधाच्या पिशवीवर परताव्याची किंमत छापायची ठरलं : ५० पैसे. कल्पना चोख. अडचण एवढीच, की ५० पैशांचं नाणं कायद्यानं अजून चालतं, पण व्यवहारात ते पाहिलेला माणूस सापडत नाही. आई हटून दोन पिशव्या घेऊन डेअरीवर गेली, म्हणजे हिशेब बरोबर एक रुपयाचा. डेअरीवाला म्हणाला, "सुटे नाहीत हो काकू," आणि त्यानं बरणीतून एक चॉकलेट काढून दिलं. चॉकलेटला प्लास्टिकचं वेष्टण होतं.

पिशवीनंतर डबा. इथं मला श्रीखंडाच्या डब्याविषयी चार शब्द बोलायचे आहेत, कारण या डब्यानं आमच्या पिढीचा माणसांवरचा विश्वास उडवला. फ्रिजमध्ये श्रीखंडाचा डबा दिसला की त्यात कढीपत्ता असतो. आइस्क्रीमच्या डब्यात सोललेले मटार. देवघराखालच्या बटरच्या डब्यात फुलवाती. आणि बिस्किटांच्या टिनच्या डब्यात सुया-दोरे हे तर आता सगळ्या भारतखंडाला माहीत आहे. आमचा धाकटा चिरंजीव तीन वर्षांचा असताना एकदा खरोखरच आइस्क्रीम आणलं होतं. डबा उघडून त्यानं आत पाहिलं आणि विचारलं, "मटार कुठे गेले?"

हल्ली यांत हॉटेलच्या पार्सलचे काळे डबे आले आहेत. आठवड्यातून एकदा बाहेरून जेवण मागवायचं म्हटलं की भाजी, डाळ, भात, रायता आणि 'सोबत मोफत' कांदा, प्रत्येकाला आपापला डबा, वर घट्ट झाकण. जेवण अर्ध्या तासात संपतं. डबे मात्र घासून ठेवले जातात, कारण चांगले असतात. त्यांचं पुढं काय करायचं हे ठरलेलं नसतं. काही दिवसांनी असं लक्षात येतं, की डब्यांना झाकणं बसत नाहीत आणि झाकणांना डबे सापडत नाहीत. घरात भांडणं होण्याची जी कारणं पूर्वी होती, जमीनजुमला, सुनांचे दागिने, त्यांची जागा या झाकणांनी घेतली आहे. बायको एकदा वैतागून सगळी झाकणं टाकायला निघाली. आई म्हणाली, "टाक, पण मग डबेही टाकावे लागतील." त्या युक्तिवादापुढं झाकणं टिकली.

डब्याच्या बुडाशी बाणांचा एक त्रिकोण असतो आणि त्यात १ ते ७ पैकी एक आकडा. हे त्या डब्याचं गोत्र. १ म्हणजे पेट, पाण्याची बाटली. २ म्हणजे शाम्पूची जाड बाटली, तेलाचा कॅन. ४ मध्ये पातळ पिशव्या, ५ मध्ये बहुतेक श्रीखंडाचे आणि पार्सलचे डबे, ६ मध्ये थर्माकोल, आणि ज्यांचं कुठंच जमत नाही ते सगळे ७ मध्ये. माणसांत सगोत्र लग्न चालत नाही, प्लास्टिकमध्ये सगोत्रच चालतं. १ वितळला की १ मध्येच मिसळायचा. त्यात चुकून ३ गेला तर सगळा घाणा बिघडतो. आणि जुळवून आणलं तरी पुढचा जन्म आधीच्यापेक्षा खालचाच मिळतो. पाण्याच्या बाटलीचा धागा होतो, दुधाच्या पिशवीचा काळा पाइप होतो, नाहीतर कचऱ्याचीच पिशवी होते. वेफर्सचं पाकीट तर कुठल्याच पत्रिकेत बसत नाही. त्यात प्लास्टिकचा थर, त्यावर अॅल्युमिनियमचा मुलामा, पुन्हा प्लास्टिक. हे थर सुटे करायचा खर्च कुणाला परवडत नाही, म्हणून भंगारात त्याला भाव नाही. ज्या पाकिटात वेफर्स कमी आणि हवा जास्त, त्यात असंही काही मूल्य नसणार असा मला संशय होताच.

हे ज्ञान मी वाचून मिळवलं. आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना ते न वाचता येतं. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली. तिच्यातून पुढं 'स्वच्छ' ही सहकारी संस्था निघाली, आणि २००८ साली महापालिकेशी करार होऊन या बाया रीतसर घरोघरचा कचरा नेऊ लागल्या. सुक्या कचऱ्यातलं विकाऊ काढून जो पैसा येतो तो त्यांचा. ताई बुडाचा आकडा बघत नाहीत. डबा हातात दाबतात, वाकवतात, कानाशी नेतात. एक आवाज आला की या पोत्यात, दुसरा आला की त्या पोत्यात. एकदा आमच्या घरचा सुका कचरा उचलताना त्यांनी पिशवी हातावर तोलली आणि म्हणाल्या, "दादा, तुमचं वजन लई, पण पैसा नाय त्यात." बायको म्हणाली, "हे तुमच्याबद्दलही खरं आहे."

ताईंनी मग पोतं उघडून दाखवलं. कुरकुऱ्यांची, बिस्किटांची, नूडल्सची पाकिटं, सॉसच्या पुड्या, मसाल्याच्या पुड्या, कुरियरची आतून फुगेवाली पाकिटं. विकाऊ काय, तर दोन बाटल्या आणि वर्तमानपत्रं. वर्तमानपत्रंही आम्ही रद्दीवाल्याला देतो, ती चुकून आली होती. आई घाईघाईनं ती परत काढू लागली तेव्हा मीच तिला थांबवलं.

कायद्यानं काही केलं नाही असं नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई बुडाली, आणि तुंबलेल्या गटारांतून पिशव्या निघाल्या म्हणून खापर पिशव्यांवर फुटलं. त्यांचा दोष होताच. पण ज्यांनी मिठी नदीच्या पात्रात भराव टाकले त्यांच्यावर एवढ्या तातडीनं बंदी आली नाही, हे आपलं जाता जाता. पुढच्याच वर्षी ५० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशव्या राज्यात बंद झाल्या. मायक्रॉन हा शब्द तेव्हा मंडईत पोचला. २३ जून २०१८ पासून तर सरसकट बंदी लागू झाली, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड. त्या आठवड्यात लोक पिशवी शर्टाच्या आत लपवून नेत होते. ज्याला आयुष्यात कुणी संशयानं पाहिलं नव्हतं असा आमचा वाणी साबुदाणा देताना रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकी. मग केंद्रानं २०२१ मध्ये पिशवीची जाडी ७५ मायक्रॉनवर नेली आणि २०२२ संपता संपता १२०. कायदा कडक होत गेला तशी पिशवी जाड होत गेली. जाड झाल्यामुळं ती जास्त 'चांगली' झाली, आणि चांगली झाल्यामुळं ओट्याखाली गेली.

मधल्या काळात कापडासारख्या दिसणाऱ्या, इस्त्री फिरवली तर इस्त्रीलाच चिकटणाऱ्या रंगीत पिशव्या आल्या. निवडणुकीच्या वेळी उमेदवाराचा फोटो छापून याच मिळतात. लोक त्यांना बिनधास्त कापडी म्हणतात. त्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, म्हणजे गोत्र ५, श्रीखंडाच्या डब्याचे सख्खे चुलते. दोनचारदा वापरल्या की त्यांचा भुगा व्हायला लागतो. उमेदवाराचा चेहरा सगळ्यात आधी जातो.

तरीही माझं प्रामाणिक मत असं, की घरात प्लास्टिक कायद्यातल्या पळवाटांतून जेवढं येतं त्याहून जास्त ते प्रेमानं येतं. संक्रांत ते रथसप्तमी हा त्याच्या आवकीचा मुख्य हंगाम. हळदीकुंकवाला पूर्वी सुगडात ऊस, बोरं, हरभरे, गाजर असं काहीबाही असे, ते खाऊन संपे. आता वाण लुटायचं म्हणजे साबणदाणी, चहाची गाळणी, पाकिटांना लावायचे चिमटे, लिंबू पिळायचं यंत्र. आमच्याकडे साबणदाण्या दुकान मांडता येईल इतक्या आहेत आणि साबणाची वडी एकही नाही. आम्ही हात धुतो ते पातळ साबणानं, जो प्लास्टिकच्या बाटलीत येतो. मग या साबणदाण्या पुढच्या संक्रांतीला दुसऱ्या कुणाला दिल्या जातात. एक गुलाबी साबणदाणी बायकोनं समोरच्या वहिनींना दिली, त्यांनी नणंदेला, नणंदेनं कोथरूडच्या मावशींना, आणि मावशींकडून ती यंदा आमच्या घरी परत आली. कडेला बारीक चीर होती, त्यावरून ओळखली. बायकोनं तिला ओवाळायचंच बाकी ठेवलं.

या वर्षी दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी पर्यावरणपूरक हळदीकुंकू ठेवलं होतं. वाण : कापडी पिशवी. खरी, सुती, कडेला पैठणीचा काठ लावलेली. प्रत्येक पिशवी स्वतंत्र पारदर्शक प्लास्टिकच्या कव्हरात, सोबत तिळगूळ, तोही छोट्या प्लास्टिकच्या पुडीत. बायकोनं हळूच विचारलं, "काकू, कव्हर काढून दिली असती तर?"

"अगं, मळली नसती का?"

आमच्या आईला ते पटलं. ती पिशवी अजून कव्हरातच आहे.

नको म्हणून पाहावं, तर आपल्याकडे नकोला किंमत कुठं आहे? जेवताना तीनदा नको म्हटल्याशिवाय वाढणारा हात मागं जात नाही, आणि हीच शिकवण दुकानापर्यंत गेलेली आहे. मी वाण्याला सांगतो, पिशवी नको. तो म्हणतो, "राहू द्या हो, पैसे नाही लावत." मी म्हणतो, पैशाचा प्रश्न नाही. तो आभाळाकडे बघतो, "पावसाचे दिवस आहेत." जानेवारीतही बघतो. शेवटी मी सामान हातात, काखेत, हनुवटीखाली धरून निघालो की दुकानातली बाकीची गिऱ्हाइकं माझ्याकडे, घरी काहीतरी बिनसलेलं दिसतंय, अशा नजरेनं पाहतात. एक आजोबा तर आपली पिशवी द्यायला निघाले होते. प्लास्टिकची.

मासेवालीसाठी मी स्टीलचा डबा नेऊ लागलो, त्याची हकिगत अशी. डबा मोठा, झाकणाला कडी. मासेवालीनं कौतुक केलं. "बरं केलंत दादा, सगळ्यांनी असंच आणलं पाहिजे." मग तिनं सुरमईचे तुकडे पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली आणि ती डब्यात ठेवली.

"अहो, डब्यातच टाका की!"

"डबा खराब होईल ना दादा, नवा दिसतोय."

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची सभा झाली. विषय पत्रिकेवर एकच : प्लास्टिकमुक्त सोसायटी. सेक्रेटरीकाका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळं तयारी जय्यत. गच्चीवर 'प्लास्टिक हटवा' असा मोठा फ्लेक्स. फ्लेक्स पीव्हीसीचा असतो, पण शंभर मायक्रॉनपेक्षा जाड असल्यानं हा कायद्यात बसत होता, याची काकांनी खात्री करून घेतली होती. चहा कागदी कपांतून. त्या कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा कागदातून झिरपून मांडीवर आला असता, हे मी शेजाऱ्याला सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला आणि पाण्याची छोटी बाटली उघडली.

चर्चा चांगली रंगली. तळमजल्यावरचे एक सभासद म्हणाले, एवढं घाबरायचं कारण नाही, आता प्लास्टिकचे रस्ते होतात. ते खरं आहे. मदुराईच्या राजगोपालन वासुदेवन या प्राध्यापकांनी डांबरात टाकाऊ प्लास्टिक मिसळून रस्ते करायची रीत काढली, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्रीही मिळाली. "म्हणजे आपण वेफर्स खायचे आणि त्यांनी रस्ते करायचे," असं त्या सभासदांचं एकूण म्हणणं. यावर मागून कुणीतरी विचारलं, की मग आपल्या गल्लीतल्या खड्ड्याला किती पाकिटं लागतील? हिशेब सुरू झाला. दोघांनी मोबाइल काढले. आईनं उठून सुचवलं, की जुन्या पिशव्यांसाठी सोसायटीनं एक खोली द्यावी. तिला टाळ्या मिळाल्या.

मग काकांनी ताईंना मार्गदर्शनासाठी पुढं बोलावलं. ताईंनी पदर सावरला, माइक हातात घेतला आणि म्हणाल्या, "आणूच नका की." माइक परत दिला.

काका वाट बघत होते, पुढं काही येईल म्हणून. काही आलं नाही. "सूचना स्वागतार्ह आहे," ते म्हणाले, "तिच्यावर उपसमिती नेमू." उपसमितीत पाच जण घेतले गेले. त्यानंतर ताईंचा सत्कार. शाल, श्रीफळ आणि मिठाईचा बॉक्स, सगळं एका चकचकीत, जाड, गोंड्याच्या बंदांच्या पिशवीत. ताईंनी नमस्कार केला, पिशवीत हात घालून शाल काढून खांद्यावर टाकली, नारळ आणि बॉक्स काखेला मारला आणि पिशवी घडी करून काकांच्या पुढ्यात ठेवली.

"अहो, पिशवी न्या की ताई," काका म्हणाले.

"राहू द्या," ताई म्हणाल्या, "सुक्याचा दिवस शुक्रवार आहे."